टीव्हीवरचा आवडता सूत्रसंचालक नाट्यगृहात बघायला जाताना

आपल्याकडचे छोट्या पडद्यावरचे बरेच सूत्रसंचालक मूळचे रंगभूमीवरचे. प्रशांत दामले काय किंवा संकर्षण कऱ्हाडे काय, दोघांनीही ‘आम्ही सारे खवय्ये’चं सूत्रसंचालन केलं आणि दोघंही हाडाचे नाटकवाले. तेव्हा टीव्हीवर ओळख झालेला माणूस समोर, हाकेच्या अंतरावर बघायची सोय मराठी माणसाला वर्षभर असते. तरीही पहिल्यांदा जाणाऱ्यांचा विरस होतो तो बहुतेक वेळा कलाकारामुळे होत नाही. तिकीट कसलं काढलं, खुर्ची कुठली घेतली आणि किती वाजता पोचलो, यातच गडबड झालेली असते.

आधी जाहिरात वाचा, फोटो नंतर बघा

एकाच चेहऱ्याच्या जाहिरातीखाली चार निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे विनोदी नाटक. दोन-सव्वादोन तासांचा प्रयोग, मध्ये पंधरा मिनिटांचं मध्यंतर. इथे तुमचा आवडता सूत्रसंचालक एखादी भूमिका करत असतो. तो प्रेक्षकांशी गप्पा मारणार नाही, टीव्हीवरची त्याची खास वाक्यं म्हणणार नाही, आणि तशी अपेक्षाही धरू नये.

दुसरी म्हणजे रंगमंचीय कार्यक्रम: गप्पा, किस्से, कविता, कधी गाणी. नाव पाहून निखळ विनोदी असेल असं समजून जाऊ नका. ‘संकर्षण व्हाया स्पृहा’ हा कार्यक्रम कविता आणि गप्पांचा आहे. तिथे हसू येतं, पण दर मिनिटाला हशा हवा असलेल्याने दुसरं काहीतरी निवडावं.

तिसरी, स्टँडअप. माईक, स्टँड, पाण्याची बाटली, बस्स. साधारण तास-दीड तास, मध्यंतर बहुधा नाहीच. मुख्य कलाकाराआधी एखादा नवा विनोदवीर दहा-वीस मिनिटं प्रेक्षक तापवतो. वयाची अट इथे कडक असते: १६ किंवा १८ वर्षांवरील, आणि दारात ओळखपत्र मागतात.

चौथी गोष्ट म्हणजे टीव्ही कार्यक्रमाचं चित्रीकरण. तिथे प्रवेश बहुतेक वेळा वाहिनीमार्फत किंवा निर्मिती संस्थेच्या माणसांमार्फत मिळतो. कोणी त्याचे पैसे मागत असेल तर सावध व्हा. एका भागासाठी कित्येक तास बसावं लागतं, कारण कॅमेरे हलतात, दिवे बदलतात, एकच प्रवेश पुन्हा होतो आणि त्याच विनोदावर पुन्हा हसावं लागतं. ज्यांना ते पडद्यामागचं तंत्र बघायची हौस आहे त्यांनी जरूर जावं. बाकीच्यांनी तिकीट काढून नाट्यगृह गाठावं.

आता जाहिरातीतली बारीक अक्षरं. नावाआधी काय लिहिलंय ते बघा. ‘प्रमुख भूमिका’, ‘सादरकर्ते’ असं असेल तर माणूस प्रयोगभर दिसणार. ‘सूत्रसंचालन’ असेल तर तो दोन कार्यक्रमांच्या मधे मधे येऊन जाणार. ‘विशेष उपस्थिती’ किंवा ‘सदिच्छा भेट’ म्हणजे दहा मिनिटं, एक सत्कार, दोन शब्द. फोटो मात्र तिन्ही ठिकाणी सारखाच मोठा असतो. ‘लेखक’ किंवा ‘दिग्दर्शक’ म्हणून नाव असेल तर तो रंगमंचावर येईलच असं नाही. आणि जुन्या नाटकात नट बदलतात. मागच्या वर्षी मित्राने ज्याला पाहिलं तोच आजही आहे का, हे आजच्या जाहिरातीत तपासावं, यूट्यूबवरच्या जुन्या झलकीत नव्हे.

तिकीट: खिडकी, फोन, ऑनलाइन

नाटकाच्या भाषेत खुर्च्यांच्या नकाशाला प्लॅन म्हणतात. ‘प्लॅन उघडला’ म्हणजे विक्री सुरू झाली. मोठ्या शहरांत हा प्लॅन प्रयोगाच्या काही दिवस आधी नाट्यगृहाच्या खिडकीवर उघडतो, आणि त्याची तारीख वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिरातीत असते. खिडकी सकाळी काही तास आणि संध्याकाळी काही तास चालू असते, दुपारी बंद. दुपारच्या उन्हात जाऊन बंद खिडकीसमोर उभं राहण्याआधी एक फोन करावा.

ऑनलाइनला बुकमायशो आहे, आणि मराठी नाटकांसाठी तिकिटालय हे दामल्यांच्याच पुढाकारातून आलेलं ॲप आहे. बऱ्याचदा खुर्च्यांचा काही भाग ऑनलाइन आणि काही खिडकीवर असा वाटलेला असतो. म्हणून ॲपवर चांगल्या रांगा भरलेल्या दिसल्या तरी हताश होऊ नका. खिडकीवर सातव्या रांगेतल्या दोन खुर्च्या शिल्लक असू शकतात. जाहिरातीत फोन बुकिंगचा नंबर असेल तर तोही पर्याय आहे. फक्त सांगितलेल्या वेळेआधी पैसे भरून तिकीट उचलावं लागतं, नाहीतर ती खुर्ची रांगेतल्या माणसाला जाते. त्यात कोणी अन्याय करत नसतं.

‘हाऊसफुल्ल’चा बोर्ड लागल्यावरही प्रयोगाच्या अर्धा तास आधी खिडकीशी चौकशी करून बघायला हरकत नाही. पाहुण्यांसाठी राखून ठेवलेल्या खुर्च्या उरल्या की कधी कधी तेव्हा सोडतात. एकट्याला मिळण्याची शक्यता बरी, चौघांच्या कुटुंबाला जवळजवळ नाहीच.

दराबद्दल एक उपयोगी माहिती. नाटकाच्या तिकिटावर माणशी ५०० रुपयांपर्यंत जीएसटी लागत नाही. त्यावर गेलं की १८ टक्के. पुढच्या रांगांचा दर इतक्या ठिकाणी नेमका ५०० वर का थांबतो, याचं उत्तर यात आहे. ऑनलाइन घेताना सुविधा शुल्क आणि त्या शुल्कावरचा कर वेगळा पडतो, म्हणून चार-पाच तिकिटं काढणाऱ्याला खिडकीची खेप परवडते.

कलाकाराच्या इन्स्टाग्रामवर तारीख दिसते, पण तिकीट कुठेच नाही, असंही होतं. तो बहुधा कंत्राटी प्रयोग असतो. एखादी बँक, गृहसंस्था, मंडळ किंवा महाविद्यालय पूर्ण प्रयोगच विकत घेतं आणि प्रवेशिका आपल्या सभासदांना वाटतं. त्या संस्थेत ओळख असेल तर प्रवेशिका मागून बघा. अशा प्रयोगात पुढच्या चार-पाच रांगांवर ‘राखीव’चे कागद चिकटवलेले असतात, भाषणं होतात आणि सुरुवात हमखास लांबते. पहिल्यांदा जाणाऱ्याने शक्य असेल तर खुल्या विक्रीचाच प्रयोग गाठावा.

प्रयोग रद्द झाला तर खिडकीवर काढलेल्या तिकिटाचे पैसे तिकीट दाखवल्याशिवाय मिळत नाहीत. डोअरकीपरने फाडून दिलेला अर्धा तुकडाही प्रयोग संपेपर्यंत खिशात ठेवा. वीज जाते, नट आजारी पडतो, अशा वेळी तोच पुरावा. व्हॉट्सॲपवर ‘दोन तिकिटं जास्तीची आहेत’ म्हणून आलेला फोटो विकत घेऊ नये. एकच क्यूआर कोड तिघांना विकला गेला तर दारात पहिला पोचलेलाच आत जातो.

कुठली खुर्ची

नवखा माणूस पहिली रांग मागतो. विनोदी नाटकासाठी ती चुकीची निवड. रंगमंच जमिनीपासून तीन-साडेतीन फूट उंच असतो. पहिल्या दोन रांगांतून मान वर करून बघावं लागतं, नटांची पावलं दिसत नाहीत, आणि दोन टोकांना दोन नट उभे असले तर टेनिसच्या सामन्यासारखी मान फिरवावी लागते. विनोदात बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा चेहरा महत्त्वाचा. दोघं एकाच नजरेत मावायला हवेत. पाचवी ते दहावी रांग, मधला भाग, ही सर्वांत चांगली जागा. पैसे त्यासाठी मोजा.

नेपथ्य जड असेल, म्हणजे दिवाणखाना, जिना, स्वयंपाकघराचं दार असं सगळं उभं केलेलं असेल, तर अगदी कडेच्या खुर्च्या टाळा. त्या बाजूच्या भिंतीलगत घडणारं काहीच दिसत नाही, आणि दारामागून डोकावण्याचा विनोद नेमका तिथेच असतो. स्टँडअपला ही अडचण नाही, कलाकार मधोमध उभा.

बाल्कनी स्वस्त आहे आणि तिथून संपूर्ण रंगमंच छान दिसतो, पण भुवई उडालेली दिसत नाही. बाल्कनीच्या खाली, तळमजल्यावरच्या शेवटच्या रांगांत काही नाट्यगृहांत आवाज दबून येतो. ज्येष्ठांना घेऊन जात असाल तर येण्या-जाण्याच्या वाटेलगतची खुर्ची आणि मधली रांग, असा मेळ साधा. बाल्कनीला जिने चढावे लागतात, आणि लिफ्टची खात्री आधी फोनवरून करून घ्या.

स्टँडअपला पहिल्या तीन रांगा म्हणजे कलाकाराचं कुरण. तिथे बसलात तर तुमचं नाव, नोकरी, शेजारी बसलेली व्यक्ती कोण, हे सगळं भर सभेत विचारलं जाणार. ते नको असेल तर सहाव्या रांगेच्या मागे जा.

प्रयोगाच्या दिवशी

वेळा शहरागणिक बदलतात. पुण्यात दुपारी १२.३०, संध्याकाळी ५.३० आणि रात्री ९.३० या वेळा रुळलेल्या आहेत. मुंबई-ठाण्याकडे दुपारी चारच्या आसपास आणि रात्री आठ-साडेआठला. तिकिटावर नुसतं ‘१२.३०’ असेल तर ती दुपार.

अर्धा तास आधी पोचा. त्याच्याही आधी जाण्यात अर्थ नाही, कारण आत आधीच्या प्रयोगाचं नेपथ्य उतरवून तुमच्या नाटकाचं चढवणं चालू असतं, आणि त्यामुळेच दारं उशिरा उघडतात. चारचाकी नेणं शक्यतो टाळाच. दादरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह प्लाझा चित्रपटगृहासमोर, ऐन बाजारात. रविवारी संध्याकाळी तिथे गाडी लावायला जागा शोधण्यात पहिला प्रवेश हुकतो. दादर स्टेशनच्या पश्चिमेहून चालत जा. ठाण्याचं गडकरी रंगायतन मासुंदा तलावाच्या काठी, स्टेशनपासून पायी जाण्यासारखं. पुण्याच्या बालगंधर्वला मेट्रोचं छत्रपती संभाजी उद्यान स्थानक जवळ पडतं. दुचाकीवाल्यांनी हेल्मेट गाडीलाच अडकवायची सोय बघावी. मांडीवर हेल्मेट घेऊन अडीच तास बसणं म्हणजे शिक्षा, आणि ते खाली पडलं की आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. पाण्याची बाटली काही ठिकाणी चालते, काही ठिकाणी दारातच ठेवावी लागते. वातानुकूलन पूर्ण जोरात असलं की मे महिन्यातही शाल लागते. वडीलधाऱ्यांसाठी पिशवीत टाकून ठेवा.

लहान मुलांचं काय? जाहिरातीत वयाची अट असेल तर ती पाळा. नसेल तरी पाच वर्षांखालचं मूल अंधारात, मोठ्या आवाजात, दोन तास गप्प बसेल ही आशा भाबडी आहे. काही नाट्यगृहांत काचेआडची बालकक्षाची खोली असते, तिची चौकशी करता येते. अन्यथा मूल रडायला लागलं की पहिल्याच मिनिटाला बाहेर न्या, समजूत बाहेर गेल्यावर काढा.

घंटा, मोबाइल आणि हशा

नाट्यगृहात तीन घंटा होतात. पहिलीला स्वच्छतागृह उरकून घ्या, दुसरीला खुर्चीवर बसा, तिसरीला पडदा. तिसरी घंटा कधी दहा मिनिटं लांबते म्हणून बाहेर चहा मागवणारे प्रत्येक प्रयोगाला असतात, आणि मग अंधारात बारा जणांच्या गुडघ्यांवरून वाट काढत जातात. नाटकात याचा त्रास शेजाऱ्यांना होतो. स्टँडअपमध्ये कलाकार बोलणं थांबवतो आणि तुम्ही बसेपर्यंत तुमच्यावरच पाच मिनिटं काढतो.

मोबाइल सायलेंटवर टाकून भागत नाही, तो बंदच करा. कारण सोपं आहे. सायलेंट फोनचा गजर वाजतो. सायंकाळच्या औषधाची आठवण लावून ठेवलेले आजोबा प्रत्येक प्रयोगात असतात, आणि गजर नेमका नाटकातल्या शांत जागी होतो. खुर्चीच्या लाकडी हातावर ठेवलेल्या फोनची थरथरही दोन रांगा ऐकतात. मनगटावरचं स्मार्ट घड्याळ हात हलला की उजळतं. त्याला थिएटर मोड असतो, तो लावा किंवा घड्याळ खिशात टाका. २०१९ मध्ये प्रेक्षागृहात फोन वाजल्यामुळे अभिनेते सुमीत राघवन यांनी चालू प्रयोग थांबवला होता, आणि त्यावर महाराष्ट्रभर चर्चा झाली होती. परिस्थिती तेव्हापासून फार सुधारली आहे असं म्हणवत नाही.

चित्रीकरणाची मनाई स्टँडअपमध्ये जास्तच गंभीरपणे घ्या. कलाकार नवे विनोद आधी छोट्या जागी घासूनपुसून घेतो, मग त्यांचा तासाभराचा कार्यक्रम बनतो. अर्धवट विनोद कोणाच्या फोनमधून बाहेर पडला की पुढच्या शहरातल्या प्रेक्षकांसाठी तो मेलेला असतो. म्हणून काही ठिकाणी कॅमेऱ्यावर स्टिकर लावतात किंवा फोन बंद पिशवीत घालायला सांगतात. हुज्जत घालू नये. नकार दिला तर प्रवेश नाकारतात.

टीव्हीवरचा विनोद संकलित असतो. फसलेलं कापलेलं असतं, हशा जोडलेला असतो. रंगमंचावर नट हशा ओसरण्याची वाट बघून पुढचं वाक्य टाकतो. शेजारच्याला ‘काय म्हणाला?’ विचारलंत आणि त्याने सांगायला सुरुवात केली की दोघांचंही पुढचं वाक्य गेलं, शिवाय मागच्या रांगेचंही. पुढे काय होणार हे माहीत असलं तरी विनोदाची कळ आधीच पुटपुटू नये. सुगम संगीताच्या मैफलीत सोबत गाणाऱ्याइतकंच ते त्रासदायक आहे.

कलाकाराने तुम्हाला प्रश्न विचारला तर? खरं आणि थोडक्यात उत्तर द्या. ‘काय करता?’ तर ‘विमा एजंट.’ बस्स. विनोद करण्याचं काम त्याचं आहे. तुम्ही विनोदी उत्तर द्यायला गेलात की त्याच्या हातातला धागा तुटतो आणि सभागृह तुमच्यासाठी ओशाळतं. न विचारता मध्येच ओरडू नये, टीव्हीवरच्या कार्यक्रमातलं वाक्य म्हणून दाखवा अशी फर्माईश करू नये. बोलायचंच नसेल तर हसून मान हलवा. अनुभवी सूत्रसंचालक लगेच शेजाऱ्याकडे वळतो, लोकांची नाडी ओळखण्यातच त्याचं आयुष्य गेलेलं असतं.

मध्यंतर पंधरा मिनिटांचं. बटाटेवड्याची रांग आणि स्त्रियांच्या स्वच्छतागृहाची रांग, दोन्ही लांबलचक. दोघं असाल तर एकाने एक पकडावी. वडा गरम असतो आणि दुसऱ्या अंकाची घंटा वाट बघत नाही, तेव्हा एकट्याने आधी स्वच्छतागृह गाठावं.

गोव्यात, परप्रांतात आणि परदेशात

गोव्यात मराठी प्रयोग दौऱ्यावर येतात. पणजीची कला अकादमी, मडगावचं रवींद्र भवन, फोंड्याचं राजीव गांधी कला मंदिर अशी दोन-चार दिवसांत फेरी होते आणि संच परततो. चुकलं की पुढचा दौरा कधी, ते कोणी सांगू शकत नाही, त्यामुळे जाहिरात दिसताच तिकीट काढावं.

इंदूर, बडोदा, हैदराबादकडे स्थानिक मराठी संस्था प्रयोग लावतात. अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेली शहरोशहरीची मंडळं दौरे ठरवतात. तिथे तिकीट मंडळाच्या संकेतस्थळावर, सभासदाला कमी दरात. वर्षाची वर्गणी आणि दरातला फरक यांचा हिशेब आधी करा, कुटुंब मोठं असेल तर सभासद होणंच स्वस्त पडतं. शाळेच्या सभागृहात प्रयोग असेल तर जागा क्रमांकाने नसतात, आधी येईल तो पुढे. नेपथ्यही सुटसुटीत असतं, कारण विमानातून दिवाणखाना नेता येत नाही.

प्रयोगानंतर भेटायचं असेल तर

पडदा पडल्या पडल्या विंगेकडे धावू नका. नटाला घाम पुसायला, मेकअप उतरवायला दहा-पंधरा मिनिटं लागतात. रंगमंचाच्या बाजूच्या दारापाशी व्यवस्थापक असतो, त्याला विचारा. तो सांगेल भेट होईल की नाही. दुपारच्या प्रयोगानंतर लगेच दुसऱ्या नाट्यगृहात रात्रीचा प्रयोग असेल तर कलाकार गाडीत बसण्याच्या घाईत असतो. भेटायची खरी इच्छा असलेल्याने त्या दिवसाचा शेवटचा प्रयोग निवडावा.

फोनचा कॅमेरा आधीच उघडून ठेवा, फोटो दुसऱ्याला काढायला सांगा, कारण सेल्फीत तीन वेळा प्रयत्न होतात आणि मागे चाळीस माणसं उभी असतात. टीव्हीवरचा कार्यक्रम आवडतो हे त्याने हजारदा ऐकलेलं असतं. आजच्या प्रयोगातली एखादी जागा आवडली असेल तर ती सांगा, तो दोन वाक्यं जास्त बोलतो. आपण लिहिलेल्या संहितेची फाईल मात्र तिथे हातात कोंबू नये.

रात्रीच्या प्रयोगाला जाणाऱ्यांनी परतीचं आधी ठरवावं. पुण्यातला साडेनऊचा प्रयोग सुटेपर्यंत मेट्रो बंद झालेली असते, आणि नाट्यगृहाच्या फाटकाशी एकाच वेळी शेकडो माणसं रिक्षा शोधत असतात. ॲपवरची रिक्षा फाटकावर न मागवता पुढच्या चौकात मागवा, लवकर येते.